दोरीबुवांची शोकसभा

ड्रमवाला आरशासमोर उभा राहून रडायची तालीम करत होता.

अगदी रडायची नाही म्हणा. 'माझा जिवलग मित्र' या शब्दांवर आवाज किती कापायला हवा, तेवढंच तो बघत होता. पहिल्या खेपेला आवाज सर्दी झाल्यासारखा निघाला. दुसऱ्या खेपेला बरा कापला. तिसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, एवढा जिवलग होता तर गेल्या वर्षभरात त्यांच्या घरी एकदा तरी पाऊल टाकलंत का?"

"वेळ नको का मिळायला?"

"भाऊजींना मिळायचा. ते यायचे. आणि ते आले की तुम्ही मला दारात पाठवायचात, 'झोपलोय म्हणून सांग.'"

यावर ड्रमवाल्याने घसा खाकरला आणि पुन्हा 'माझा जिवलग मित्र'पासून सुरुवात केली.

शोकसभा हा प्रकार तुम्हाआम्हाला नवा नाही. ऑफिस असो, कारखाना असो, शाळा असो, माणूस गेला की महिन्याभरात एक टेबल मांडलं जातं. त्यावर पांढरा कपडा, कपड्यावर फोटो. आणि तो माणूस समोरून येताना दिसला की ज्यांना रस्ता बदलावासा वाटायचा, ते एकेक करून बोलायला उठतात. त्याच्या जाण्याने म्हणे पोकळी निर्माण होते. ती कधीही भरून न निघणारी असते. मग चहाबिस्किटं येतात आणि ती तासाभरात भरून निघते. आपण सगळे सुशिक्षित, सुजाण नागरिक हे निमूटपणे ऐकतो आणि कप खाली ठेवून घरी जातो.

तर हा ड्रमवाला एका मोठ्या लाँड्रीत कामाला होता. कोपऱ्यावरच्या दुकानासारखी लाँड्री नव्हे. इथे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रक भरभरून येतात. खोलीएवढ्या ड्रममध्ये ते धुऊन काढायचे, हे त्याचं काम. धुतलेल्या ओल्या चादरी पुढे 'रुळा'वर जातात. रूळ म्हणजे एकाला एक लागून फिरणारे, आतून तापवलेले, कमरेहून जाड लोखंडी दंडगोल. दोन बायका चादरीची दोन टोकं धरतात, ती रुळांच्या फटीत सोडतात आणि पलीकडून चादर कोरडी, कडक होऊन बाहेर पडते. जिथून चादर जाते तिथून बाहीही जाते, आणि बाहीत हात असतो.

पूर्वी एका बाईचा हात असाच आत गेला. रूळ थांबवायचं बटण होतं मुकादमाच्या टेबलाजवळ आणि मुकादम गेला होता चहाला. बाई वाचली, पण तो हात पुन्हा चादर धरायच्या लायकीचा राहिला नाही. बाकीचे हळहळले. रुळाची देखभाल करणारा फिटर मात्र पेटला. त्याचं म्हणणं साधं होतं. रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीच्या उंचीवर एक दोरी हवी. कुणीही, कुठूनही ती ओढली की रूळ जागच्या जागी थांबायला हवा. आणि दोरी का ओढली म्हणून कुणालाही जाब विचारायचा नाही. यासाठी तो युनियनच्या प्रत्येक बैठकीत उठून बोलला, मॅनेजरच्या दाराशी जाऊन बसला, शेवटी संप झाला तेव्हा कुठे ती दोरी लागली.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल. छे! लोकांनी त्या दोरीवर आपले ओले रुमाल वाळत घातले. कुणी पिशवी अडकवली. कुणाच्या खांद्याला लागते म्हणून कुणी ती वर गुंडाळून खिळ्याला बांधली. हा माणूस रोज पाळी सुरू होताना रुळाच्या कडेने फिरायचा, रुमाल काढायचा, गाठी सोडायचा आणि बडबडायचा. "बायांनो, वाळत घालायला दोरी हवी तर मी घरून आणून देतो. ही नको." बायका हसायच्या. त्यांनीच त्याचं नाव दोरीबुवा पाडलं. पुढे सगळेच तसं म्हणायला लागले आणि त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

युनियनमध्ये तर दोरीबुवा म्हणजे डोक्याला ताप. गप्प बसावेत म्हणून अध्यक्षांनी त्यांना उपाध्यक्ष केलं. तरी ते गप्प बसले नाहीत. मग अध्यक्षांनी त्यांना सगळ्यात शेवटी बोलायला द्यायची युक्ती काढली. बुवा उभे राहिले की लोक पायांत चपला सरकवायला लागायचे. ड्रमवालाही त्यातलाच. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, संपात एका ताटात जेवलेले. पण पुढे ड्रमवाल्याला वाटायला लागलं की बुवाच्या शेजारी दिसलं की साहेबलोकांच्या डोळ्यांवर येतं. एखाद्याची सोबत टाळायला एवढं कारण पुष्कळ झालं.

आणि मग एके दिवशी दोरीबुवांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. 'डोक्याला ताप' एका दिवसात 'कामगारांचा आधारवड' झाला. त्यांच्या बायकोला लाँड्रीने माणुसकीच्या नात्याने कामावर घेतलं. कुठे, तर रुळावर.

अध्यक्षांनी ड्रमवाल्याला युनियनच्या ऑफिसात बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. एरवी तो उभाच असायचा.

"बुवा गेला. मला तर अन्न गोड लागत नाही," बिस्कीट चहात बुडवत अध्यक्ष म्हणाले. "सभा जंगी करायची. मॅनेजरसाहेब स्वतः येतायत. आणि ऐक. ती बायकांची गळकी जेवायची खोली आहे ना, ती नवी बांधून देणार. फरशी, पंखे, सगळं. नाव बुवाचं. दारावर पितळी अक्षरं."

"वा!"

"त्यात फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. ती दोरी निघतेय."

"रुळावरची?"

"दुसरी कुठली? साहेबांचं म्हणणं, बायका ऊठसूट ओढतात. रूळ थांबला की पुन्हा चालू होईपर्यंत काम खोळंबतं. त्यापेक्षा मुकादमाच्या टेबलाजवळ एक मोठं बटण. आधुनिक."

"पण अध्यक्ष, बटण आधी तिथेच होतं."

"ते काळं होतं. हे लाल आहे."

ड्रमवाल्याने मान डोलावली. एवढ्या बिनतोड युक्तिवादावर बोलणार तरी काय?

"हे बघ बाबा," अध्यक्ष खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "एक दोरी जाते आणि अख्खी खोली येते. वर बुवाचं नाव अजरामर. तू त्याचा सगळ्यात जवळचा. तू उठून चार शब्द बोललास, 'बुवाला हेच आवडलं असतं' म्हणालास, की कुणी हूं की चूं करणार नाही. आणि उपाध्यक्षाची खुर्ची आता रिकामी आहे. ती उगाच कुणा उपटसुंभाला द्यायची नाही, असं माझ्या मनात आहे."

ड्रमवाला घरी जाताना मनातल्या मनात त्या खुर्चीवर दोनदा बसून आला. म्हणून तर आरशासमोरची ती तालीम चालली होती.

बॅनरसाठी फोटो हवा होता. तो मागायला ड्रमवाला बुवांच्या घरी गेला. वहिनी नुकत्याच पाळीवरून आल्या होत्या. गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि कामाच्या अंगरख्याच्या उसवलेल्या बाहीला टाके घालत होत्या.

"या भाऊजी. बऱ्याच दिवसांनी रस्ता सापडला."

ड्रमवाल्याने हे हसण्यावारी नेलं. सभेचं सांगितलं, साहेब येणार ते सांगितलं, खोलीचं आणि पितळी अक्षरांचं सांगितलं. वहिनी सुई चालवत ऐकत होत्या.

"आणि दोरी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मुकादमाने. म्हणाला, आतापासून दोरीविना काम करायची सवय लावून घ्या."

"वहिनी, तिथे बटण येतंय. एकदम आधुनिक."

"माझ्यापासून ते टेबल कुठे आहे, माहीत आहे ना तुम्हाला? रुळाचं दुसरं टोक, त्यापुढे चादरींचे गठ्ठे, त्यापुढे टेबल. हात रुळात असताना मी तिथवर चालत कशी जायची, ते साहेबांनी सांगितलं का?"

"मुकादम असतोच ना तिथे."

"त्या बाईच्या वेळी होता?"

ड्रमवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर बुवांचा कामाचा डगला अजून तसाच लटकत होता. तो दिसू नये म्हणून त्याने मान दुसरीकडे वळवली.

वहिनींनी दोरा तोडला. "तुम्हाला एक सांगते, भाऊजी. कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात माझा अंगठा चादरीच्या चुणीत सापडला. आत ओढला जायला लागला. मला काही सुचलं नाही. दुसरा हात आपसूक वर गेला आणि दोरी हातात आली. रूळ थांबला. मी तिथेच खाली बसून रडले. बाकीच्यांना वाटलं, अंगठा दुखतोय. अहो, ह्यांनी घरात इतकी वर्षं त्या दोरीने माझं डोकं उठवलं होतं. मी म्हणायची, ती दोरी बाहेर टांगून या आणि मगच घरात या. हा माणूस काय करत होता ते मला तो गेल्यावर कळलं. माझा अंगठा शाबूत राहिला तेव्हा कळलं."

"म्हणूनच तर वहिनी, त्याचं नाव कायमचं राहावं म्हणून ही खोली..."

"खोलीत आम्ही जेवतो. जेवायला हात लागतो."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मग तुम्ही शांतपणे सांगा की. ह्यांनी उभ्या जन्मात मागितलं काय? खोली मागितली? पितळी अक्षरं मागितली? तुम्हा सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या एका दोरीसाठी. तुम्हाला त्यांची आठवण ठेवायची असेल तर ती दोरी सांभाळा. जमत नसेल तर त्यांना सरळ विसरून जा, माझी तक्रार नाही. लोक विसरतात. पण त्यांचंच नाव पुढे करून त्यांचंच काम मोडायचं, आणि त्यासाठी फोटो मी काढून द्यायचा? नाही मिळणार फोटो. चहा हवा असेल तर टाकते."

चहाला न थांबता ड्रमवाला उठला. वाटेत तो स्वतःशी म्हणाला, बायकांना व्यवहार कळत नाही. ज्याला आपण चुकतोय हे आतून कळलेलं असतं, तो माणूस व्यवहाराचं नाव घेतो. आपणही घेतो, मुलाबाळांदेखत घेतो.

फोटोवाचून काही अडलं नाही. संपाच्या वेळचा एक फोटो युनियनच्या कपाटात होता. त्यात दोरीबुवा मूठ उगारून, तोंड वासून घोषणा देत होते. बॅनर छापणाऱ्याने मूठ कापली. उघडं तोंड शोकसभेला बरं दिसणार नाही म्हणून कॉम्प्युटरवर ते मिटवलं आणि ओठांवर मंद स्मित आणलं. जिवंतपणी अख्ख्या युनियनला जे जमलं नाही, ते त्याने अर्ध्या तासात करून दिलं. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, "आता कसा समजूतदार दिसतोय!"

सभा रुळाच्याच शेडमध्ये ठेवली होती. साहेबांनी उदार मनाने पाळीतला वेळ दिला होता. फक्त एका इस्पितळाच्या चादरी संध्याकाळच्या आत जायच्या होत्या, तेव्हा रूळ बंद ठेवता येणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बायकांनी चादरी सोडता सोडता भाषणं ऐकावीत. अध्यक्षांनी मान्य केलं. बुवांच्या विधवेसाठी पुढच्या रांगेत खास खुर्ची मांडली होती. वहिनी त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "माझी कामाची पाळी आहे," आणि जाऊन आपल्या जागेवर उभ्या राहिल्या.

ऐन वेळी बॅनर बांधायला दोरी सापडेना. अध्यक्षांचे दोन कार्यकर्ते शेडभर शोधत फिरले. मग एकाचं लक्ष रुळावरच्या दोरीकडे गेलं. नाहीतरी ती निघणारच होती. त्यांनी आकड्यांतून ती मोकळी केली, वर उचलून छताच्या पाइपवरून घेतली आणि तिच्या लोंबत्या भागाला बॅनर बांधला. दोरीची टोकं अजून रुळाच्या स्विचांनाच होती, पण तिकडे कोण बघतो? दोरीबुवांचं मिटलेलं तोंड दोरीबुवांच्याच दोरीवर लटकायला लागलं. अख्ख्या शेडमध्ये एकालाही यात काही खटकलं नाही. ड्रमवाला तर बॅनर सरळ आहे ना, ते लांबून बघून सांगत होता.

भाषणं झाली. अध्यक्षांचा कंठ दाटून आला आणि लगेच मोकळाही झाला. मॅनेजरसाहेबांनी बुवांना 'आमच्या परिवारातला एक सदस्य' म्हटलं. खरं नाव आठवेना म्हणून त्यांनी मध्येच खिशातली चिठ्ठी काढून वाचलं. मग खोली जाहीर झाली, टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या पाठोपाठ, जरा खालच्या आवाजात, बटण जाहीर झालं. बायकांमध्ये थोडी चुळबुळ झाली. तेवढ्यात अध्यक्षांनी ड्रमवाल्याला खूण केली.

ड्रमवाला छान बोलला, हे नाकारता येणार नाही. 'माझा जिवलग मित्र'वर आवाज हवा तेवढाच कापला. दोघं एका ताटात कसे जेवले ते त्याने सांगितलं, तेव्हा दोन-तीन जणींनी डोळे पुसले. आणि शेवटी तो म्हणाला, "आज बुवा असता तर तोच म्हणाला असता, दोरी जाऊ द्या, माझ्या बहिणींना जेवायला चांगली खोली मिळू द्या." चुळबुळ थांबली. एवढा जवळचा मित्र म्हणतोय म्हटल्यावर बायका तरी काय बोलणार? वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची चादर उचलली. त्यांच्या त्या बघण्यात राग असता तर ड्रमवाल्याला बरं वाटलं असतं. भिंतीकडे बघावं तसं त्यांनी पाहिलं.

"आता आपण सर्व जण," अध्यक्ष माइकमध्ये म्हणाले, "डोळे मिटून, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून आपल्या लाडक्या बुवाला श्रद्धांजली वाहू या. रुळावरच्या भगिनींपैकी एकीने काम चालू ठेवावं."

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. चादरीचं दुसरं टोक धरणारी बाईसुद्धा डोळे मिटून मागे सरकली. रूळ खडखडत होता, वाफ फुसफुसत होती, पंखे घरघरत होते. अशा त्या कानठळ्या बसवणाऱ्या शांततेत माणसं एका माणसाला आठवत होती. निदान तशी उभी तरी होती.

दोघींची चादर वहिनी एकट्याच सोडत होत्या. एक टोक सरळ गेलं, दुसऱ्याला चुणी पडली. ती सोडवायला त्यांनी हात पुढे केला आणि चुणीबरोबर अंगरख्याची बाही रुळात गेली.

त्या ओरडल्या. रुळाच्या आवाजात शब्द काही कळले नाहीत, नुसता हुंदक्यासारखा सूर आला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी डोळे न उघडताच "बिचारी" असं पुटपुटलं. अध्यक्षांनी एक डोळा किलकिला केला, ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारच्या कार्यकर्त्याला हळूच म्हटलं, "भरून आलंय तिला. कुणीतरी धरा." मुकादम टेबलापाशी नव्हता. तोही रांगेत उभा राहून श्रद्धांजली वाहत होता.

ड्रमवाल्याने मान वर केली ती केवळ आपलं भाषण कुणाकुणाला आवडलं ते बघायला. तेव्हा त्याला वहिनी दिसल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांचा एक हात रुळाकडे ताणला गेला होता, बाही इंचाइंचाने आत चालली होती. आणि दुसरा हात छातीच्या उंचीवर हवेत चाचपत होता. मोकळ्या हवेत, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. जिथे दोरी असायची तिथे.

ड्रमवाला धावला. खुर्ची पडली, माइक पडला, मॅनेजरसाहेब बाजूला ढकलले गेले. त्याने उडी मारून बॅनरला दोन्ही हातांनी पकडलं आणि सगळं वजन टाकून तो खाली खेचला. बॅनर टराटरा फाटत आला, दोरीला हिसका बसला आणि रूळ थांबला!

वहिनींना बाहेर काढलं. बाही पुन्हा उसवून कोपरापर्यंत आत गेली होती, मनगटाखालची कातडी भाजली होती, दोन बोटांवर फोड टरारले होते. हात शाबूत होता. कुणीतरी पाण्याची बादली आणली, त्यात त्यांचा हात धरून बायका भोवती बसल्या. रूळ बंद, वाफ बंद, सगळं बंद होतं. बुवांसाठी दोन मिनिटांची शांतता आता कुठे सुरू झाली होती, आणि या वेळी ती पाळा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

ती मोडली मॅनेजरसाहेबांनी. "मशीन कुणी थांबवलं?" त्यांना अजून नीट काही दिसलं नव्हतं.

"मी," ड्रमवाला म्हणाला. फाटक्या बॅनरचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता. तो वहिनींजवळ गेला. त्याला खूप काही बोलायचं होतं, पण तालीम केलेलं एकही वाक्य तोंडाशी येईना.

वहिनींनी पाण्यातून नजर वर केली. "भाऊजी, भाषण छान झालं तुमचं," त्या म्हणाल्या.

या माणसाला आजवर पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले होते, त्याने ते कपड्यांवरच्या पाण्यासारखे झटकले होते. हे वाक्य झटकता आलं नाही. तो तिथेच उभा राहून रडला. आवाज चांगला कापला नाही, नाक वाहिलं, तोंड वेडंवाकडं झालं. आरशात पाहिलं असतं तर त्याला ते मुळीच पसंत पडलं नसतं.

अध्यक्षांनी पडलेला माइक उचलून फुंकर मारली. "मित्रहो, घाबरायचं कारण नाही. किरकोळ प्रकार आहे. आपण कार्यक्रम पुढे..."

"अध्यक्ष, मला बोलायचंय," ड्रमवाला म्हणाला.

"झालंय तुझं बोलून."

"मघाशी बोललो ते खोटं होतं." त्याने माइक घेतला नाही. रूळ बंद असल्यामुळे त्याची गरजही नव्हती. "बुवा असता तर तो असं कधीच म्हणाला नसता. मला माहीत होतं, आणि तरी मी म्हणालो. माझं ऐकून तुम्ही गप्प बसलात. ते मी मागे घेतो. ती खोली नको. बुवाचं नाव कशालाही नको. दोरी होती तिथे बांधा."

"ही जागा नाही चर्चेची," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. "उपाध्यक्षपदाचं लक्षात आहे ना?"

"ते तुम्हीच घ्या. दोन खुर्च्यांवर बसा."

मॅनेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "दोरीचं नंतर बघू. आधी रूळ सुरू करा. चादरी जायच्या आहेत."

कुणी हललं नाही. मग मघाशी डोळे मिटून मागे सरकलेली ती दुसरी बाई उठली. तिने बॅनरच्या चिंध्या दोरीपासून सोडवल्या, दोरी खाली घेतली आणि पहिल्या आकड्यात अडकवली. दुसऱ्या आकड्यापाशी आणखी एक बाई उभी होतीच. आकड्याआकड्याने दोरी रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"ठीक आहे, तात्पुरती राहू द्या," साहेब म्हणाले.

"तात्पुरती नाही साहेब," बादलीतला हात न काढता वहिनी म्हणाल्या. "कायमची, असं सगळ्यांसमोर म्हणा. मग या बायका चादरी सोडतील."

इस्पितळाचा ट्रक दाराशी उभा होता. साहेबांनी तसं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते कागदावरही आलं, कारण बायकांनी त्याशिवाय रूळ तापवूच दिला नाही.

अध्यक्षांचं म्हणाल तर त्यांची काळजी नसावी. आठवड्याच्या आत ते दुसऱ्या एका सभेत सांगत होते की दोरी वाचवण्यासाठी युनियनने निकराचा लढा दिला. अशी माणसं कुठल्याही पाण्यात बुडत नाहीत. जेवायची खोली गळकीच राहिली. ड्रमवाला आता पाळी सुरू होताना रुळाच्या कडेने चक्कर मारतो, दोरीवरचे रुमाल काढतो, गाठी सोडतो. बायका त्याला शिव्या घालतात. हो, अजूनही तिथे रुमाल वाळत घालतात. एवढं होऊन माणसं सुधारतील असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही माणसं पाहिलेली नाहीत. तो शिव्या खातो आणि पुढचा रुमाल काढतो. वहिनींशी तो फारसं बोलत नाही. त्या मात्र हल्ली त्याला चहा विचारतात आणि तो थांबतो.

मित्रहो, तुमच्याही ऑफिसात, संस्थेत, युनियनमध्ये भिंतीवर एखादा फोटो असेल. वर्षातून एकदा आपण त्यापुढे फुलं ठेवतो आणि माना खाली घालतो. यंदा फुलं ठेवण्याआधी शेजारच्याला एवढंच विचारा: हा माणूस कशासाठी भांडत होता, आणि ते आज कुठे आहे? गेलेल्या सोबत्याला आपल्या अश्रूंची गरज नसते, त्याचं अर्धवट राहिलेलं काम पुढे न्यायला दोन हात हवे असतात. हे विचारायची लाज वाटत असेल किंवा उत्तर ठाऊक असून तोंड उघडवत नसेल, तर फुलं तिथे ठेवू नका. घरी घेऊन जा. त्या माणसाचा अपमान करायला तुमचा विसर पुरेसा आहे, वर आणखी फुलं कशाला?